पेढ्यांवरची सोनेरी चमक

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही.

नाशिकला अंबडमध्ये माझं चमकणाऱ्या रंग-पावडरींचं दुकान आहे. बादल्या, हेल्मेट, गाड्यांचे रंग यांत ती जाते. आज एक मिठाईवाला सोनेरी पावडर मागायला आला. पेढ्यांवर लावायला!

म्हटलं, "दादा, ही खायची नाही. खायची वेगळी मिळते."

"ती लय महाग पडते. चिमूटभर तर लागते, कोणाला कळतंय?"

मी दिली नाही. तो हसत बाजूच्या, असल्याच पावडरींच्या दुकानात शिरला.

संध्याकाळी शेजारच्या काकू नातीच्या बारशाचे पेढे घेऊन आल्या. सोनेरी, चमचमणारे. इतकी वर्षं चमक विकतोय, पण नुसतं बघून मलाही ओळखता येईना.

मुलीने हात पुढे केला. मी म्हणालो, "जेवण झाल्यावर."

आता जेवण झालंय. ती डबा घेऊन समोर उभी आहे. काय सांगू?