सम्यकच्या नावापुढचं चिन्ह

माझी वहिनी विमला ओव्हाळ पंधरा वर्षं एकच गोष्ट मागते आहे आणि ती कुणी धड ऐकूनही घेत नाही. माझ्या मुलाला हिंदू म्हणू नका. बस, एवढंच. मेडल नको, सत्कार नको, पेपरात फोटो तर नकोच नको. आमचा सम्यक इथल्या, ब्रिटिश आर्मीत होता. दोन हजार दहाच्या एप्रिलमध्ये अफगाणिस्तानात रस्त्यातल्या बाँबनं गेला. बावीस वर्षांचा होता. आर्मीच्या कागदात त्याचा धर्म हिंदू लागलेला आहे आणि आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून बौद्ध. घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून कुणाचा फोटो नाही. अशा घरातल्या, सम्यक नावाच्या पोराला कुणी हिंदू म्हणालं तर माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार?

मी नंदा, सुभाषदादाची धाकटी बहीण. हीथ्रोवर सिक्युरिटीत आहे. दिवसभर लोकांना बेल्ट काढा, बूट काढा, लॅपटॉप बाहेर ठेवा म्हणून ओरडते, त्यामुळे मला हळू बोलता येत नाही आणि आता या वयात शिकायचंही नाही. वहिनीला इंग्रजी येत नाही असं नाही. तीस वर्षं नर्स होती ती, भल्याभल्या कन्सल्टंटना सरळ केलंय तिनं. पण सम्यकचा विषय निघाला की तिचा आवाज बसतो. म्हणून फोन मी करते, इमेल मी लिहिते, होल्डवरचं म्युझिकही मीच ऐकते.

यंदा उन्हाळ्यात हाउन्सलोला, आमच्या भागातल्या एका कमिटीनं ठरवलं की पार्कमध्ये नवा दगड उभारायचा. इथून फौजेत गेलेल्या आणि परत न आलेल्या मुलांची नावं त्यावर कोरायची आणि प्रत्येक नावापुढं ज्याच्या त्याच्या धर्माचं छोटं चिन्ह. लेआउट इमेलनं आला तेव्हा वहिनी माझ्याच किचनमध्ये चहा पीत होती. ख्रिश्चन मुलांपुढं क्रॉस, एका शीख मुलापुढं खंडा आणि सम्यक ओव्हाळच्या नावापुढं ॐ. वहिनीनं कप खाली ठेवला. म्हणाली, "नंदा, कागदावरचं निदान फाइलमध्ये तरी होतं गं. आता दगडावर?"

कमिटीचे सेक्रेटरी एक रिटायर्ड मेजर. माणूस इतका सभ्य की भांडायची सोय नाही. मी तडकले की ते म्हणणार, "आय क्वाइट अंडरस्टँड, मिसेस भालेराव." काय डोंबल अंडरस्टँड. त्यांचा नियम एकच, सर्व्हिस रेकॉर्डवर जे असेल तेच चिन्ह. उद्या प्रत्येक घर वेगळं सांगायला लागलं तर आम्ही कुणाचं ऐकायचं, असं त्यांचं म्हणणं. रेकॉर्डमध्ये चूक आहे असं वाटत असेल तर पुरावा आणा, पण सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारच्या आत. सोमवारी कोरायला घेणार. एकदा दगड कोरला की कोरला.

आता सम्यकबद्दल सांगते, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही चिन्हासाठी भांडतोय आणि पोरगा विसरलो. तो इथलाच, इथल्याच हॉस्पिटलात जन्मलेला. मराठी बोलायचा पण दिव्य. फोनवर मला "आत्या, मी आली" म्हणायचा, आम्ही हसलो की आणखी मुद्दाम म्हणायचा. अभ्यासात यथातथा, फुटबॉलमध्ये पुढं. जीसीएसईनंतर, म्हणजे इथल्या दहावीनंतर, दोन वर्षं सुपरमार्केटमध्ये शेल्फ भरत होता. रविवारी विहारात खुर्च्या मांडायला आणि उचलायला तोच, भाषणाच्या वेळी मात्र गायब. एकोणिसाव्या वर्षी एक दिवस घरी येऊन म्हणाला, आर्मी जॉइन करतो. वहिनी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. तिचं म्हणणं, बुद्धाचं नाव घेणाऱ्या घरातून बंदूक कशी निघणार? दादा मात्र छाती फुगवून फिरत होता. म्हणे आपल्या लोकांना लष्कर नवं नाही, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. शेवटी वहिनीनंच त्याची बॅग भरली, शेंगदाण्याची चटणी दोन डबे जास्त घातली. बराकीतून त्याचा फोन आला की पहिल्याच दिवशी इंग्लिश पोरांनी चटणी संपवली.

तो गेला तेव्हा घरी एक ऑफिसर आला होता, अंत्यविधीचं सगळं बघायला. त्यानं विचारलं, हिंदू प्रीस्टची व्यवस्था करतोय, ठीक आहे ना? दादानं मान हलवली. मी आणि वहिनी आतल्या खोलीत होतो. वहिनी शुद्धीवर असून नसल्यासारखी. आम्हाला नंतर वाटलं, बापाचं डोकं ठिकाणावर नसेल, काय विचारलं ते कळलंच नसेल. क्रेमेटोरियममध्ये पंडितजी आले. बिचारे भले माणूस, त्यांचा काय दोष, बोलावलं म्हणून आले. गंगाजल शिंपडलं, मंत्र म्हटले. ज्या देवांना मानणार नाही म्हणून आमच्या आजोबांनी शपथ घेतली त्यांच्या नावानं पोराला निरोप दिला. त्रिशरण नाही, पंचशील नाही. वहिनी माझा हात धरून कुजबुजत होती, "हे आपलं नाही, नंदा, हे आपलं नाही." मी काही केलं नाही. उभं राहून ओरडायला हवं होतं. माझा आवाज नको तिथं निघतो आणि हवा तिथं निघत नाही.

तेव्हापासून वहिनीचं पक्कं मत, आर्मीतल्या कुणा क्लार्कनं तपकिरी चेहरा बघितला आणि ठोकून दिलं, इंडियन म्हणजे हिंदू. मलाही तसंच वाटायचं. पंधरा वर्षं मी त्या न बघितलेल्या क्लार्कला शिव्या घातल्या. म्हणून या वेळी मी म्हटलं, भरतीचा मूळ फॉर्मच मागवू. कुणाच्या अक्षरात लिहिलंय ते मेजरांच्या नाकासमोर धरू. अर्ज केला, मागे लागले आणि शेवटच्या आठवड्यात मंगळवारी कागद आला. वहिनीनं पाकीट स्वतः उघडलं.

अक्षर सम्यकचं होतं. डावीकडं झुकलेलं, त्याचंच. रिलिजन: हिंदू.

वहिनीनं फॉर्म घडी करून पाकिटात परत ठेवला आणि भात लावायला उठली. बुधवारी मला म्हणाली, "त्याला नको होतं का गं आपलं? मी लहानपणी ओढून ओढून न्यायची विहारात, त्याचा राग होता का?" मी म्हटलं, वहिनी, काहीतरी बोलू नकोस. दोन दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. आणि दादा? दादा खुर्चीत बसून फोनवर बातम्या बघत होता, मूग गिळून.

शुक्रवारी शिफ्ट बदलून मी सकाळीच त्यांच्याकडं गेले. वहिनी म्हणाली, "मेजरांना लिही, आमची चूक झाली. आहे ते राहू दे. त्यानं स्वतः लिहिलंय तर मी कोण बदलणारी?" मी लॅपटॉप उघडला. डिअर मेजर लिहिलं. दोन ओळी झाल्या.

"थांब," दादा म्हणाला.

फोन बाजूला ठेवून तो जमिनीकडं बघत बोलायला लागला. सम्यकनं फॉर्म याच टेबलावर भरला होता. त्यानं विचारलं होतं, डॅड, रिलिजनमध्ये बुद्धिस्ट लिहू ना? आणि दादानं सांगितलं होतं, माझ्या कागदांवर जे आहे तेच लिही, नंतर घोळ नको.

इथं मला सांगायलाच हवं, कारण आमच्यासारख्या कित्येक घरांत हे आहे आणि कुणी बोलत नाही. दादाला तरुणपणी खडकीला केंद्र सरकारच्या नोकरीत राखीव जागा हवी होती. त्या काळी केंद्राच्या हिशेबी बौद्ध झालात की सवलत गेली. मग लोकांनी काय केलं? घरात बुद्ध, दाखल्यावर हिंदू. दादाचा दाखला हिंदू महार. माझ्याही शाळेच्या दाखल्यावर तेच आहे, मी कुठली धुतल्या तांदळाची. पुढं वहिनीच्या मागोमाग दादा इथं आला तेव्हाही तेच कागद घेऊन. तेव्हापासून त्याच्या मनात भीती, एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं दिसलं की कुणीतरी पकडणार, खोटारडा म्हणणार. अरे, कोण पकडणार होतं? खडकीचा दाखला इथं कोण बघायला बसलंय? पण भीतीला कुठं अक्कल असते.

"त्याला बुद्धिस्टच लिहायचं होतं?" वहिनीनं विचारलं.

"हो."

"क्रेमेटोरियमच्या वेळी तुम्हाला माहीत होतं?"

दादानं मान हलवली.

"आणि मंगळवारपासून? मी काय काय बोलत होते, ते ऐकत होतात ना तुम्ही?"

मला असा संताप आला की हाताशी असतं ते फेकून मारलं असतं. हा माणूस दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात उभा राहून लोकांना बावीस प्रतिज्ञा देतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. पंधरा वर्षं बायकोला क्लार्कच्या नावानं झुरू दिलं आणि शेवटचे तीन दिवस पोराच्या नावानं. माझा सख्खा भाऊ आहे, पण त्या दिवशी मला त्याच्याकडं बघवेना.

मी मेजरांना फोन लावला. ते म्हणाले, वडिलांनी सगळं लिहून सही केली आणि पाच वाजायच्या आत पाठवली तर मी कमिटीपुढं ठेवतो. दादा म्हणाला, "नंदा, तूच लिही ना काहीतरी. गैरसमज झाला वगैरे. विहारात कळलं तर मला तिथं उभं राहता येणार नाही."

"गैरसमज नाही," वहिनी म्हणाली. आवाज अजिबात बसला नव्हता. "काय सांगितलंत, का सांगितलंत, ते लिहा. तुमच्या हातानं लिहा."

दादानं लिहिलं. चार वेळा कागद फाडला, पण लिहिलं. माझा मुलगा बौद्ध होता, तसंच लिहू ना, असं त्यानं मला विचारलं होतं, मी त्याला खोटं लिहायला लावलं. सव्वाचारला मी स्कॅन करून पाठवलं. मेजरांचं उत्तर एका ओळीचं आलं, ॐ काढून धम्मचक्र घेतो आहोत, थँक यू मिस्टर ओव्हाळ. विहारात ते दादानंच पुढच्या रविवारी सांगितलं. कुणी त्याला बोल लावला नाही. दोन म्हाताऱ्यांनी तेवढ्या माना खाली घातल्या, त्यांचंही तसंच असणार.

नोव्हेंबरात दगड उघडला. भाषणं झाली, बिगुल झाला, दोन मिनिटं शांतता झाली. मग मेजर म्हणाले, घरच्यांना हवी तर आपापली प्रार्थना म्हणा. आम्ही तिघं पुढं गेलो. सम्यक ओव्हाळ आणि पुढं धम्मचक्र, आऱ्या मोजता येतील इतकं नीट कोरलेलं. वहिनीनं त्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल, तर ती म्हणाली, "दगडाचं झालं. चितेचं काय करायचं, ते सांग."

दादानं सवयीप्रमाणं हात जोडले, घसा साफ केला. आमच्याकडं कार्यक्रम कुठलाही असो, त्रिशरण दादा देतो आणि बाकीचे मागून म्हणतात. त्याचं तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "तुम्ही नका म्हणू."

दादा तसाच हात जोडून उभा राहिला. वहिनीनं सुरुवात केली, बुद्धं सरणं गच्छामि, आणि मी मागून म्हणत गेले. तिसऱ्यांदा म्हणताना तिचा आवाज फुटला, शब्द पुढं सरकेनात. दादाचे ओठ हलले. तिनं मान हलवून नको म्हटलं, श्वास घेतला आणि उरलेलं स्वतःच पुरं केलं.