गौरीच्या घशातला बटाटा

गाईच्या पाठीत धपाटा घातला तर तिच्या घशात अडकलेली वस्तू बाहेर येत नाही, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं नुकतंच लग्न झालं होतं. मी अंबडला एका कारखान्यात नकाशे काढायचो आणि सासुरवाडी होती निफाडजवळच्या मळ्यात. उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं तिकडे गेलो, तर अंगणात वेफर्सचा घाट चालला होता. सोललेल्या बटाट्यांनी घमेलं भरलेलं. सासूबाई किसणी आणायला आत वळल्या आणि तेवढ्यात दावं सोडवून गौरी आली.

गौरी म्हणजे त्यांची जर्सी गाय. गाभण, दिवस भरत आलेले. सासूबाई तिच्याशी ज्या मायेनं बोलायच्या, तसं माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. (मी गाभण नव्हतो, हे मान्य.)

सगळे हाकलायला धावले, तेव्हा गौरीनं घाईघाईत एक अख्खा बटाटा गिळला आणि तो मध्येच राहिला. तिनं मान लांब केली, खोकायला लागली, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या. बघता बघता डावी कूस फुगली.

माझा मेहुणा संजू मोटरसायकल काढून जनावरांच्या डॉक्टरांना आणायला सुटला. शेजारच्या काकूंनी तेल पाजायला सांगितलं, सासऱ्यांनी अडवलं. गिळता येत नसताना पाजलेलं फुप्फुसात जातं, असं डॉक्टरांनी त्यांना मागेच बजावलं होतं. सासूबाई गौरीच्या गळ्याशी हात ठेवून रडत होत्या. "दोन जिवांची हाय वं ती," एवढंच म्हणत होत्या.

प्रत्येकजण काही ना काही करत होता आणि नवा जावई नुसता उभा! मला ते बघवेना. माणसाला ठसका लागला की आपण काय करतो? मी बाह्या सावरल्या, गौरीच्या मागच्या बाजूनं गेलो आणि पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तिनं पाय झाडला. मी घमेल्यात बसलो, उरलेल्या बटाट्यांवर.

डॉक्टर आले. त्यांनी मानेवरून हात फिरवला आणि बटाटा बोटांनी चाचपून दाखवला. फार खाली गेला नव्हता. तोंड उघडं राहावं म्हणून लाकडी दांडकं आडवं बसवलं. शिंगं सासऱ्यांनी धरली, दावं संजूनं. जीभ बाजूला ओढून धरायला कोणीतरी हवं होतं.

"दाजी, तुम्ही राहू द्या," संजू म्हणाला. "तुम्हाला नाय जमायचं."

बायको बघत होती. मी जीभ धरली. गाईची जीभ गरम, खरखरीत आणि आपल्यापेक्षा ताकदवान असते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी एका हातानं बाहेरून बटाटा हळूहळू वर सरकवला आणि दुसरा हात तिच्या घशात कोपरापर्यंत घातला. काहीतरी गुळगुळीत हलताना मला दिसलं. मग बटाटा आला, त्यापाठोपाठ लाळ आली, आणि त्यापाठोपाठ गौरीच्या पोटात कोंडलेला सगळा वारा थेट माझ्या तोंडावर आला.

डोळे उघडले तेव्हा मी बाजेवर होतो. नाकाशी फोडलेला कांदा. भोवती सगळं घर, काकू आणि डॉक्टर.

"गौरी गेली का?" मी घाबरून विचारलं.

"गौरी मजेत हाय," सासरे म्हणाले. "गेले व्हते ते तुम्ही."

गोठ्यात ती उभी होती, कूस उतरलेली. सासूबाई हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी तिला एक-दोन दिवस मऊच खायला द्या म्हणून सांगितलं. मग माझी नाडी बघितली आणि म्हणाले, "यांनाही तेच चालेल."

संध्याकाळी सासूबाईंनी तिला भुशाची आंबोण दिली आणि मला भाताची पेज. दोघांनीही संपवली. पाठीवरून हात मात्र तिच्याच फिरला.