न्हाणीचा ढाळ

कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचं काहीतरी नाव असेलच, पण लेथवर उभा राहिला तेव्हापासून सगळे त्याला सूतभर म्हणत. इंचाच्या आठव्या भागाला कारागीर सूत म्हणतात, आणि हा माणूस कुठेही गेला की त्याला तिथे सूतभर काहीतरी कमी नाहीतर जास्त दिसायचंच. पाहुण्यांकडे चहाचा कप हातात यायच्या आधी उठून भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायचा. लग्नाच्या फोटोत सगळे समोर बघताहेत, हा बघतोय बाजूच्या पडद्याच्या दांडीकडे. बायको म्हणायची, "बघायला आले तेव्हा यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, भांगाकडे पाहिलं. भांग सरळ होता म्हणून नशीब उघडलं."

"कुणाचं?" असं मुलीने विचारलं की दोघंही आपापल्या कामाला लागायची.

घर त्याने स्वतःच्या हाताने बांधलं, तेही एका दमात नाही. आधी एक खोली. मग स्वयंपाकघर. मुलगी झाल्यावर जिना आणि वरची खोली. न्हाणी गच्चीवर टाकीला चिकटून काढली, कारण नळ लांब फिरवला की कुठेतरी वाकतो आणि वाकलेलं काही त्याला बघवत नसे. सुटीच्या दिवशी गल्ली पालथी पडून झोपायची, तेव्हा याच्या घरातून ठोकाठोकी सुरू. सगळ्यात शेवटी स्वयंपाकघरामागे एक लहानशी खोली काढली, ती फक्त हौसेची. तिथे स्वतः बनवलेला कॅरम मांडलेला. बोर्ड मांडायचा म्हणजे सोहळाच. चारही बाजूंना पाणसळ ठेवून बघायची. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत पायाखाली कागदाच्या घड्या सरकवायच्या. तोपर्यंत खेळायला आलेले दोघं-तिघं घरी जाऊन जेवून यायचे.

असं सगळं सरळ चाललेलं असताना बायको जिन्यावरून पडली. ओल्या कपड्यांची बादली घेऊन उतरत होती. बादली आधी पोचली, मग ती. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात सूतभर तिच्या उशाशी बसला आणि फार विचार करून बोलला, "जिन्यात दोष नाही गं. सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत. मी परत मोजल्या."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली.

डॉक्टरांनी आत सळई घातली आणि सांगितलं, चालाल, पण जिना आता विसरा. त्यावर तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "विसरली! ताई माझ्याकडे येईल." या मेहुण्याचं फर्निचरचं दुकान होतं. घर ऐसपैस, सगळं तळमजल्यावर, आणि प्रत्येक खोलीला लागून न्हाणी. भावजींनी विटेवर वीट ठेवून उभं केलेलं घर त्याला कधीच पसंत नव्हतं. तो त्याला घर म्हणत नसे, 'चालू काम' म्हणे.

"किती दिवस नेणार?" सूतभरने विचारलं.

"दिवस कशाला मोजायचे, भावजी? तिथे तिला काही कमी पडणार नाही. तुम्ही पण या अधूनमधून."

ते 'अधूनमधून' सूतभरला मुंगीसारखं चावलं. भाऊ गेल्यावर बायको छताकडे बघत म्हणाली, "भावाकडे मी जेवायला जाईन, राहायला जाईन, हवं तर भांडायलाही जाईन. पण माझ्या घरात मला अंघोळ करता येत नाही म्हणून जाणार नाही. तशी एकदा गेले ना, की परत यायला मलाच कारण शोधावं लागेल. खाली न्हाणी होईल?"

"होईल."

"मला सोडायच्या आत?"

"होईल म्हटलं ना."

घरी येऊन त्याने कॅरम उचलला आणि खाटेखाली सरकवला. हौसेच्या खोलीतली फळकुटं, डबे, पॉलिशच्या बाटल्या अंगणात आल्या. कारखान्यात रजा टाकली. गल्लीतल्या गवंड्याने दारात डोकावून विचारलं, "येऊ का मदतीला?" हा त्याचा जुना दोस्त, कॅरममध्ये नेहमी हरणारा. सूतभर म्हणाला, "नको. तू अंदाजाने बांधतोस." गवंड्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "बरं," म्हणाला आणि बिडी पेटवून निघून गेला.

कामात मात्र खोट नव्हती. नळ आला, सांडपाण्याचा पाइप बाहेरच्या गटाराला जोडला, त्याच्या तोंडावर जाळी बसली, भिंतीला फरशा लागल्या. मग जमीन. दर फरशीला पाणसळ उभी, आडवी, तिरकी. फरशी ठोकायची, काढायची, पुन्हा ठोकायची. मुलगी शाळेत शिकवायची. घरी आली की आधी पाठमोरा बाप दिसायचा, मग चूल आपल्यालाच पेटवायची आहे हे कळायचं. काम संपलं त्या दिवशी त्याने तिला बोलावलं आणि न्हाणीच्या मधोमध एक काचेची गोटी ठेवली. गोटी जागची हलली नाही. मग चारही कोपऱ्यांत ठेवली. तिथेही तेच.

"बघ. फुंकर मारल्याशिवाय जायची नाही."

"छान आहे, बाबा," मुलगी म्हणाली. तिलाही तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा ताईला आपल्या गाडीतून घेऊन आला. गाडीत मागे तिच्यासाठी उशा रचलेल्या, आणि त्या काढायची त्याला घाई दिसली नाही. तिला वॉकरसह दारापर्यंत आणून खुर्चीत बसवलं. "आधी बघू तरी महाल," म्हणत तो आत गेला, पँट वर केली आणि भरलेली बादली पायांवर ओतली.

पाणी पडलं आणि तिथेच थांबलं. इकडे गेलं नाही, तिकडे गेलं नाही. जाळीच्या अवतीभोवती उभं राहिलं, पण आत उतरायचं काही नाव घेईना. मेहुणा भावजींना पाण्यात पाहतो असं सगळे म्हणायचे. त्या दिवशी त्या पाण्यात त्याला स्वतःचंच तोंड दिसलं, भांगासकट. मग बाकीचं पाणी सावकाश उंबऱ्यापाशी आलं, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं आणि बहिणीच्या खुर्चीपर्यंत पोचलं.

"भावजी, तलाव झकास झालाय! मासे कधी सोडताय?"

सूतभरच्या तोंडचं पाणी पळालं. न्हाणीतलं तेवढं पळत नव्हतं.

"चल ताई," मेहुणा गाडीची किल्ली नाचवत म्हणाला, "उशा आहेतच मागे."

बायकोने पाय उचलून वॉकरच्या आडव्या नळीवर ठेवला, पाणी खालून जाऊ दिलं. "मी आत्ता आलेय. लगेच कशी जाऊ? ओल्या फडक्याने अंग पुसेन. अहो, फोडा ती जमीन."

"ताई, हट्ट करू नकोस. परत पडलीस तर?"

"पडले तर तूच ने."

"रविवारी येतो," मेहुणा म्हणाला. "तोवर न्हाणी धड झाली नाही तर खुर्चीसकट उचलून नेईन. मग कुणाचं ऐकणार नाही."

"ये. जेवायलाच ये."

गाडी गेल्यावर सूतभर टोपी घालून थेट गवंड्याच्या दारात. गवंडी खाटेवर पडला होता, तो उठलाही नाही.

"काय झालं?"

"पाणी जात नाही."

"ढाळ दिला होतास का?"

सूतभरने टोपी काढून हातात घेतली. जमीन तिरकी करायची असते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. गच्चीच्या न्हाणीला या गवंड्यानेच ढाळ दिला होता. पण इतकी वर्षं जे हात वाकडं दिसलं की सरळ करत आले, त्यांनी मालकाला विचारलंच नव्हतं.

गवंडी पोट धरून हसला. "अरे, तुझ्या न्हाणीला बद्धकोष्ठ झालंय! ढाळ लागल्याशिवाय मोकळी कशी होणार?"

"हसून झालं की माप सांग. किती द्यायचा?"

"पाणी जाईल इतका."

"म्हणजे किती? सूतभर, दोन सूत?"

"हाताला कळतो रे तो."

"माझ्या हाताला उलटंच कळतं," सूतभर म्हणाला, आणि गवंड्याचं हसणं थांबलं. तो चप्पल शोधायला लागला.

"नको, तू येऊ नकोस. फक्त सुरुवात कुठून करायची ते सांग."

"जाळी सगळ्यात खाली. कोपरे वर. दोरी लाव कोपऱ्यातून जाळीपर्यंत. पण बघ हं, बाई वॉकरवाली आहे. हावरटपणा करून जास्त देशील तर पाण्याआधी तीच जाळीत जाईल."

खरी मेख तिथे होती. कमी दिला तर तलाव, जास्त दिला तर घसरगुंडी. एकदा मोडलेला खुबा पुन्हा मोडला तर कुठल्याच भावाच्या घरी इलाज नव्हता.

त्याने छिन्नी लावली आणि गोटी न हलणारी ती जमीन फोडली. एकेक फरशी निघताना दाढ उपटल्यासारखं तोंड करत होता, पण थांबला नाही. दोऱ्या बांधल्या, सिमेंटचा माल पसरला, फरशा बसवायला घेतल्या. बायकोने खुर्ची दाराशी आणवून घेतली होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अहो, परत सरळ करताय."

"नाही गं."

"पाणसळ कशाला घेतलीत मग?"

त्याने हाताकडे पाहिलं. हातात पाणसळ होती. ती कधी उचलली, त्याला ठाऊक नव्हतं. आणि ज्या दोन फरशा बसल्या होत्या त्या खरोखरच सपाट होत्या, बुडबुडा मधोमध.

"इकडे द्या." तिने पाणसळ घेतली आणि बुडाखाली ठेवून वर बसली. "आता उठवून दाखवा. डॉक्टरांनी सांगितलंय मला हलवायचं नाही."

"टोचेल तुला."

"टोचू दे. फरशी उचला."

मग तो पाण्यानेच मोजायला लागला. दोन फरशा बसवायच्या, तांब्याभर पाणी सोडायचं आणि गुडघ्यांवर बसून बघत राहायचं. बायको वरून सांगायची, "रेंगाळलं," नाहीतर "फार पळालं." रेंगाळलं की कोपरा चिमूटभर उचलायचा, पळालं की दाबायचा. असं करत करत ती दोघं जाळीपर्यंत आली. इतक्या वर्षांत एका कामावर दोघं पहिल्यांदाच बसली होती. भांडणंही तशीच झाली. मुलगी संध्याकाळी दारात आली की कोण कुणावर चिडलंय हे बघून मग चप्पल काढायची.

माल सुकल्यावर त्याने जमिनीवर पाणी ओतलं, साबण फासला आणि अर्ध्या चड्डीवर, बायकोचा वॉकर घेऊन, एक पाय खोटाखोटा ओढत आत शिरला. टक टक करत पलीकडे गेला, वळला, परत आला. मुलगी हसून हसून भिंतीला टेकली.

"हसू नकोस. माझा पाय सरकला असता तर तिचा सरकलाच असता." त्याने फेरी पुन्हा मारली. मग डोळे मिटून मारली. जाळीजवळ टाच जरा निसटतेय असं वाटलं, तशा तिथल्या चार फरशा पुन्हा काढल्या आणि खरखरीत आणून बसवल्या. धरायची दांडी लेथवर कातून भिंतीत पक्की केली आणि तिला स्वतः लोंबकळून पाहिलं. ती आडवी, अगदी सरळ. तेवढी हौस त्याने भागवून घेतली.

रविवारी मेहुणा आला तेव्हा दाराशी खुर्ची रिकामी होती.

"ताई कुठे आहे?"

"आत."

आतून तांब्याचा आवाज आला, पाठोपाठ पाणी जाळीत उतरल्याचा गुडगुड आवाज. मेहुणा दाराजवळ जाऊन म्हणाला, "ताई, बरी आहेस ना? एकटी आहेस आत?"

"मग काय बँड आणू? अंघोळ करतेय, ओरडू नकोस!"

तो उभाच राहिला. उंबऱ्याकडे बघत होता. उंबरा कोरडा होता. बऱ्याच वेळाने बायको बाहेर आली, केसांना टॉवेल, एक हात वॉकरवर, चेहरा लाल. सूतभर मध्ये आला नाही, पण ती खुर्चीत टेकेपर्यंत त्याने श्वासही सोडला नाही.

"गाडीत उशा आणल्यास?" तिने भावाला विचारलं.

"आणल्यात."

"एक दे इकडे, पाठीला घेते. बाकीच्या ने परत." मग भावाकडे नीट बघून म्हणाली, "आणि आलाच आहेस तर अंघोळ करून घे. पाणी तापलंय. असा घामट जेवायला बसणार आहेस का?"

मेहुण्याने तिच्याकडे पाहिलं, भावजींकडे पाहिलं. मग मनगटावरचं घड्याळ काढून भाचीच्या हातात दिलं, बूट काढले आणि आत जाऊन कडी लावली. पाणी पडायला लागलं. सूतभर दाराला कान लावून उभा राहिला.

"अहो, जरा लांब उभे राहा, काय हे!" बायको म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. "डावीकडच्या कोपऱ्यात पाणी राहतंय का, तेवढं बघा," तो दारातून म्हणाला.

"नाही राहत, भावजी!"

"घाई करू नका. नीट बघून सांगा."