टोपीवाल्या म्हातारीची नक्कल

उभी हयात बस चालवण्यात गेलेल्या ड्रायव्हरबाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात तैलचित्रांच्या वर्गात जाऊन बसल्या.

"या वयात?" नणंदेने विचारलं.

"मग काय, आणखी म्हातारी व्हायची वाट बघू?"

वर्गाच्या बाईंनी एका जुन्या चित्राची छापील प्रत पुढ्यात ठेवली. पांढऱ्या टोपीतली म्हातारी. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. "हुबेहूब हीच रंगवायची. नक्कल करता करता हात तयार होतो."

ड्रायव्हरबाईंनी थेट डोळ्यांनाच हात घातला. एकेक पापणी काढली. बाईंनी पाहिलं, टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली. "पुसू?"

"पुसा की. हात तर शाबूत आहे."

"डोळे किलकिले करून बघा. अंधार कुठे, उजेड कुठे, आधी एवढंच. पापण्या सगळ्यात शेवटी."

मग नुसत्या पातळ तपकिरी रंगात म्हातारी उभी राहिली. गालाच्या सावलीत हिरवट छटा आहे हे ड्रायव्हरबाईंना आधी पटेना. पण एकदा दिसल्यावर त्यांनी ती बिनधास्त लावली आणि कॅनव्हास वाळायला घरी आणला.

"हिला कावीळ झालीय का गं?" नवऱ्याने विचारलं.

"औषध चालू आहे. जरा दम धरा."

वाळलेल्या हिरव्यावर गुलाबी, पिवळसर रंगाचे पातळ थर चढले आणि गाल असा जिवंत झाला, की नवऱ्याचं बोट आपसूक पुढे गेलं. त्यावर एक चापटी बसली. "ओलं आहे, अहो."

अंधारातला डोळा मात्र छळायला लागला. कितीदा काढला, तरी बटणासारखा वर यायचा. शेवटी प्रत उजेडात धरून पाहिली, तर मूळ चित्रकाराने तिथे डोळा काढलाच नव्हता. एक काळपट पुसट डाग होता फक्त. डोळा असणारच, म्हणून त्या आपल्या मनाने काढत होत्या. त्यांनी सुरीने सगळं खरवडलं, बोटाने एक डाग ओढला. डोळा मुकाट्याने जागेवर बसला.

वर्गात बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. "ओठ जरा करडे झालेत तुमचे."

"झालेत खरे. कुठे चुकलं तेही कळलंय. आता जित्या माणसावर हात चालवते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला खिडकीशी खुर्चीत बसवलं. तो केस सारखे करायला लागला.

"केस राहू द्या," त्या म्हणाल्या, "मान तेवढी हलवू नका," आणि कोऱ्या कॅनव्हासवर सावलीचा पहिला फटकारा मारला.