बर्फावरची रांगोळी

न्यूयॉर्क शहराजवळच्या पिस्कॅटवे गावातल्या आमच्या घरी फ्रिजवर एक कॅलेंडर आहे. शाळा, डेंटिस्ट, वाढदिवस सगळं त्यावर पेनाने लिहिलेलं असतं. माझी आश्वासनं मात्र माझी अकरा वर्षांची लेक सई पेन्सिलीने लिहिते, खोडायला बरं पडतं म्हणून. गेल्या हिवाळ्यात तिच्या आइस स्केटिंगच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी ऑफिसात काहीतरी पेटलं आणि मी जाणं कॅन्सल केलं. ती रडली नाही, तेच मला जास्त लागलं. या जानेवारीत ठरवलं, आभाळ कोसळलं तरी जायचं. आभाळाने ते फारच मनावर घेतलं.

स्पर्धा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅक डोंगरातल्या एका छोट्या गावात, शनिवारी सकाळी अकराला. नवरा कामासाठी टेक्ससला, म्हणून गाडीत मी, सई आणि नाशिकहून ‘एकदा बर्फ बघायचाय’ म्हणत आलेल्या माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई. शुक्रवारी शाळा बुडवून निघालो. आधी आयसेलिनच्या देशी दुकानांत थांबलो, कारण मंगळवारी घरी हळदीकुंकू होतं. तीळ, गूळ, हलवा आणि आईंच्या आग्रहाखातर रांगोळीची भलीमोठी पिशवी घेतली. सगळं डिकीत टाकलं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: २८७ नंबरचा हायवे घेऊन ८७ ला लागलात की सरळ उत्तरेला. एरवी पाच तास, आम्हाला आठ लागले. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका आणि काचेवर मारायचं पाणी थंडीत न गोठणारंच भरा. पुलावर रस्ता नुसता ओला दिसला तर तो बर्फ समजा. तिथे ब्रेक नाही मारायचा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरायचं. हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी ऑल्बनीनंतर एका पुलावर गाडीची मागची बाजू जराशी सरकलीच. आईंनी देवाचं नाव घेतलं आणि मग मला दशमी दिली, शेंगदाण्याच्या चटणीसकट.

मोटेल एकशे दहा डॉलरचं, तळमजल्यावर. खोलीच्या दारासमोरच गाडी लावायची. शनिवारी आठला मी लॅपटॉप उघडला, कारण नेमकं त्याच सकाळी आमचं सॉफ्टवेअर लाइव्ह जाणार होतं. कानात हेडफोन, अंगावर स्वेटर, पायात बूट, अशी निघायच्या तयारीतच बसले. आई कॉफी मशीनमधून गरम पाणी काढून बाहेर ये-जा करत होत्या. मला वाटलं, चहाचं काहीतरी चाललंय.

पावणेदहाला मॅनेजर म्हणाला, अजून अर्धा तास थांबशील का?

“सॉरी, नाही जमणार. अकराला माझ्या मुलीची स्पर्धा आहे.”

तेवढ्यात टीममधला नागपूरचा सहकारी मराठीतच म्हणाला, “तू निघ यार, मी बघतो.”

मी विजयी मुद्रेने बाहेर आले, तिघी गाडीत बसलो, मी रिव्हर्स टाकला आणि चाकं जागच्या जागी गरगरली. चारही टायर काचेसारख्या बर्फात होते.

“मीच घातलं गं पाणी,” आई कावऱ्याबावऱ्या झाल्या. “वाटलं, दारात सडा घालतो तसं गरम पाणी शिंपडलं की बर्फ वितळेल.”

वितळला होता. आणि पुन्हा गोठला होता. मला इतका राग आला की मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मागून सई हळूच म्हणाली, “इट्स ओके, मॉम. नेक्स्ट इयर.”

ते ऐकून मी डोकं वर केलं. आईंनीही ते ऐकलं. त्या दार उघडून उतरल्या. “डिकी उघड,” त्यांनी फर्मावलं. “सडा झाला की रांगोळी घालायचीच असते.”

लांब कोट, त्याखाली साडी, पायात सईचे जुने स्नो बूट. आईंनी प्रत्येक टायरच्या पुढेमागे मुठीमुठीने रांगोळी ओतली. ती दगडाची भुकटीच, वाळूसारखी खरखरीत. मोटेलचा मालक फावडं घेऊन बघत उभा राहिला.

“व्हॉट इज दॅट, मॅम?”

“रांगोळी!” आई न थांबता म्हणाल्या.

पहिल्यांदा चाक घसरलं. दुसऱ्यांदा खरखर झाली, टायरने पकड घेतली आणि गाडी मागे निघाली. सई अशी किंचाळली की मालकानेही फावडं वर उचलून दाखवलं. अकराला आठ मिनिटं कमी असताना आम्ही रिंकवर पोचलो.

सई एकदा पडली. उठली, आणि डिसेंबरभर जी उडी चुकत होती ती अचूक मारली. टाळ्यांचा आवाज व्हावा म्हणून आईंनी हातमोजे काढून टाकले. नऊ मुलींत सई तिसरी आली. मी भर स्टँडमध्ये रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

मंगळवारी हळदीकुंकवाला दारात बशीएवढीच रांगोळी होती. प्रत्येकीने कारण विचारलं, आईंनी प्रत्येकीला सांगितलं. पाचव्या काकूंना सांगेपर्यंत मोटेलचं पार्किंग दरीच्या काठावर जाऊन पोचलं होतं. आता डिकीत फावड्याशेजारी रांगोळीची नवी पिशवी कायमची आहे.

सगळ्या गेल्यावर पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेले, तर कॅलेंडरवर नवी नोंद दिसली. पुढच्या महिन्यात गुरुवारी चार वाजता शाळेत स्केटिंगचा शो, पुढे ‘मॉम’. निळ्या पेनाने, चांगलं दाबून लिहिलेलं.

गुरुवारी चारला माझी मीटिंग असते. म्हणजे, असायची.