राजाचा उजवा गाल

नेपल्सच्या एका राजवाड्यातल्या संग्रहालयात असुन्ताने जुनी चित्रं एकतीस वर्षं दुरुस्त केली, पण चित्रात खोटेपणा कधी केला नाही. बूर्बोन घराण्यातल्या राजाच्या त्या मोठ्या तसबिरीचंच घ्या. उजवा गाल आणि अर्धे ओठ ओलीने खाल्ले होते. दुसरा कुणी दोन दिवसांत गाल लिंपून मोकळा झाला असता. असुन्ताने अकरा महिने लावले. केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा, एकीशेजारी एक. लांबून गाल दिसावा, जवळ गेलं की रेघा दिसाव्यात, आणि बघणाऱ्याला कळावं की एवढा भाग नंतर भरलेला आहे. राजा हसत होता की फुगून बसला होता, हे आता देवालाच ठाऊक. म्हणून तिने ओठही सरळच ठेवले.

यंदा खालच्या दुकानात त्याच राजाचे कप आले, फ्रिजवर लावायची चुंबकं आली. गाल लोण्यासारखा गुळगुळीत, ओठांवर गोड हसू! छापणाऱ्याने कॉम्प्युटरवर सगळ्या रेघा पुसल्या होत्या आणि कपाच्या बुडाशी निर्लज्जपणे लिहिलं होतं, ‘मूळ चित्रावरून’. असुन्ताच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यावर कडी म्हणजे, एका सकाळी डायरेक्टर बेविलाक्वा ती तसबीर उतरवून तिच्याच कामाच्या खोलीत घेऊन आले. खोलीची एक भिंत काचेची, पलीकडे पर्यटकांची गर्दी.

“दोन्ना असुन्ता, लोक तक्रार करतात हो. म्हणतात, हा राजा कपावरच्यासारखा दिसत नाही.”

“मग कप फोडा.”

“थट्टा नको. रेघा बुजवा, ओठांना जरा वळण द्या. तुमच्या हाताला काय अवघड?”

“दोत्तोरेसाहेब, आजोबांचा फोटो सापडला नाही, तर तुम्ही शेजाऱ्याचा लावता का घरात?”

“कोण बघतंय एवढं! तुम्ही नाही म्हणालात, तर सोमवारी दुसरा माणूस येईल. तो तुमच्या रेघांवरच रंग चढवेल.”

असुन्ताने कापूस पाण्यात बुडवला. रेघा पाणरंगातल्या होत्या. चुकलं तर पुसता यावं म्हणून चित्रं दुरुस्त करणारे मुद्दामच तसं करतात. तिने गालावरून, मग ओठांवरून कापूस फिरवला.

“अहो, काय करताय!”

तिला रडू येत होतं, पण हात थांबला नाही. अकरा महिने दहा मिनिटांत धुऊन गेले. खाली उघडी पांढरी पुट्टी राहिली. तिने तसबीर काचेकडे वळवली. पलीकडची माणसं हातातले कप विसरून बघत राहिली.

“एवढाच राजा उरलाय आपल्याकडे,” ती म्हणाली. “छापा आता कपावर.”