लाख थंड होईपर्यंत

जाऊबाई गेल्याचं सांगायला पुतण्या आला, तेव्हा मी वर्ध्याच्या बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. दीड महिना झाला त्याला. भेटायला येणारी माणसं ‘सुटल्या बिचाऱ्या’ म्हणतात. मला त्या शब्दाचा राग येतो, पण आता भांडायचंही त्राण नाही.

त्र्याहत्तर साली लग्न होऊन मी सिंदी मेघेच्या या भाजीच्या मळ्यात आले. पहिल्या बाळंतपणानंतर अंगात जीवच नव्हता, पण सासूबाई धुऱ्यावर, मळ्याच्या बांधावर, उभ्या असताना निंदण सोडून बसायची सोय नव्हती. दुपार कलली की जाऊबाई माझं जुनं खुरपं हलवून बघत, मूठ ढिली झाली म्हणत आणि मला बाभळीखाली नेत. तिथे तीन दगडांची चूल होती. मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरायचा, पात्याचं मागचं टोक लाल तापवायचं आणि दाबून बसवायचं. मग सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणत, “लाख थंडी होऊन राह्यली. आत्ताच धरशीन तं मूठ पुन्हा हालन. बस तू, राखण कर.” मी खुरप्याची राखण करत बसे... बसल्याबसल्या डोळा लागे. जाग येई तोवर माझी सरी त्यांनी निंदून टाकलेली असे.

लाख पाच-दहा मिनिटांत थंड होते, हे सासूबाई गेल्यावर, मीच मुठी बसवायला लागले तेव्हा कळलं. जाऊबाईंना मी म्हटलंही, की म्हातारीला चांगलं फसवलंत. त्या नुसत्या हसल्या.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना धाप लागायला लागली. एका दुपारी वांग्याच्या वाफ्यातून उठून त्या माझ्यापाशी आल्या आणि खुरपं पुढे केलं. “पाह्य ना वं, मूठ हालते वाटते मले.” मी हलवून पाहिलं. मूठ घट्ट होती. दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची घाई होती, मान वर न करताच मी म्हटलं, “काई नाई झालं बाई, पक्की आहे.”

“हो का...” म्हणाल्या, आणि पुन्हा वाफ्यात जाऊन निंदायला लागल्या.

ते खुरपं आता मीच वापरते. निंदताना मधेच हात थांबतो. माझीही मूठ तेव्हा कधी ढिली नसेलच, हे मला त्या गेल्यावर सुचलं. मी नुसतं ‘बसा’ म्हणायला हवं होतं.